सरळ फळांची तक्रार

रविवारची दुपार. शेडचं मोठं दार अर्धं ओढून घेतलेलं, वर पत्रा तापून टकटक वाजत होता, आणि निवडीच्या लांब टेबलाभोवती सगळं घर जमलं होतं. या टेबलाशी रिकाम्या हातानं बसायची पद्धत नव्हती. आज सहा माणसं बसली होती, बारा हात, आणि एकाही हातात फळ नव्हतं.

थोरली सून आपल्या जागेवर होती. जागा म्हणजे टेबलाचं डावं टोक, खिडकीखालचं. तिथे सकाळचा उजेड फळाच्या गालावर तिरका पडतो आणि डाग लपत नाही. डोक्यावरच्या खिळ्याला कडं लटकत होतं: एका मुठीला जोडलेल्या तीन लोखंडी रिंगा, लहान, मधली, मोठी. सफरचंद ज्या रिंगेतून सुटेल ती त्याची प्रत. सासूच्या हातून ते कडं थोरलीच्या हाती आलं त्याला एकतीस वर्षं झाली. आता कडं खिळ्यालाच असे. तिचे हातच कडं झाले होते.

तिच्या पाठीमागे भिंतीला लागून बावीस क्रेट रचलेले होते. उद्या सकाळी दुकानांत जायचे. प्रत्येकाच्या फळीवर खडूनं एक गोल आणि गोलात ठिपका. ही तिची खूण. ती तिकडे पाठ करून बसली होती, आणि आज तिची पाठच सगळ्यात जास्त जागी होती.

"वाचू?" नणंदेनं विचारलं.

नणंद शिवणकाम करायची. आत्ताही मोजपट्टी गळ्यात तशीच होती. वीस वर्षं ती दुपारी चहा घेऊन थोरलीच्या टोकाला येऊन बसायची आणि दोघी मिळून सगळ्या जगाला नावं ठेवायच्या. गेल्या सहा महिन्यांपासून ती दुसऱ्या टोकाला बसत होती. धाकटी सून घरोघरी भाजीफळांच्या पेट्या पाठवायची; त्यांचे फोन घ्यायचं काम नणंदेनं आपण होऊन मागून घेतलं होतं. 'आपण होऊन' हे थोरलीला विशेष लागलं होतं.

"वाच," सासू म्हणाली. सासूच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचं धुकं होतं. तिला माणसं आवाजानं आणि फळं हातानं कळत. "सगळं वाच. मधलं गाळू नकोस."

"बरं. हे पहिलं. 'ताई, आम्ही तुमची पेटी कशासाठी लावली? सरळ काकडी कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.'"

धाकटा दीर खुदकन हसला. तो पेट्यांची गाडी चालवायचा, आणि हसणं दाबता येत नाही हा त्याचा लहानपणापासूनचा रोग होता.

"हसू नका हो," धाकटी म्हणाली. खाली मान घालून ती टेबलाच्या फळीतली एक भेग नखानं कोरत होती.

"दुसरं. 'चिठ्ठीत लिहिलंय, दोन पायांचं गाजर पाठवतेय, त्याला चालवून बघा. आमच्या गाजराला एकच पाय. मुलगी सकाळपासून तोंड फुगवून बसलीय.' तिसरं जरा कडक आहे. 'फेकून द्यायचा माल वाचवतो असं तुम्ही सांगता. पेटीत तर दुकानात मांडण्यासारखी सफरचंदं निघाली. आम्हाला मूर्ख समजता का?'"

"अरे देवा," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे थोरलीचा नवरा. दुकानांचा सगळा व्यवहार त्याच्याकडे. "फळ चांगलं निघालं म्हणून भांडणारी माणसं मी पहिल्यांदा बघतोय."

"आणि या चित्रकलेच्या बाई," नणंद पुढे वाचू लागली. "त्या आपल्या बटाट्यांची चित्रं काढतात ना, त्या. 'या वेळी काढण्यासारखं काहीच निघालं नाही. सगळी फळं एकमेकांसारखी. पुढच्या आठवड्यापासून पेटी नको.'"

सगळी फळं एकमेकांसारखी. थोरलीनं ते मनात पुन्हा म्हणून पाहिलं. एकतीस वर्षं ती याचसाठी या खिडकीखाली बसली होती, की सगळी फळं एकमेकांसारखी दिसावीत. एवढ्या वर्षांत तिच्या कामाबद्दल कुणी दोन ओळी लिहिल्या त्या या, आणि त्याही तक्रारीच्या.

"किती घरांनी बंद केली?" सासूनं विचारलं.

"सव्वीस. एकशेचाळिसातली सव्वीस. आणि आज अजून संपायचाय."

धाकटीनं भेगेतून एक वाळलेलं देठ बाहेर काढलं आणि बोटांत फिरवत राहिली.

*

झालं होतं ते असं.

चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत या शेडमध्ये दोन ढीग पडत. टेबलाच्या डावीकडे सरळ माल, उजवीकडे वाकडा. डावीकडचा क्रेटमध्ये जाई. उजवीकडचा संध्याकाळी फावड्यानं ओढून गुरांच्या गाडीत. वाकडी काकडी, जुळं गाजर, नाक उगवलेलं वांगं, गारांचे वण उठलेलं सफरचंद. चवीला तेच, पण दुकानदार घेत नाहीत. थोरलीच्या हाताखालून असं किती वाहून गेलं त्याला गणती नव्हती, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. निवडणं म्हणजे एक ठेवणं आणि एक टाकणं.

मग धाकटी एक दिवस त्या उजव्या ढिगाशी उकिडवी बसली आणि खोके भरू लागली. आधी ओळखीतली पाच घरं, मग पाचाची वीस. दर शनिवारी एक पेटी, पेटीत येईल ते येईल. आणि प्रत्येक पेटीत चिठ्ठी. चिठ्ठी भाजीच्या तोंडची असायची:

*दोन माझे पाय गं, चालत आले दारी,*
*बसायला द्या पाट, थकले मी भारी.*

लोकांना हे इतकं आवडलं की लोक उलट लिहू लागले. एका आजोबांनी वाकड्या काकडीला 'चंद्रकोर' म्हणून पत्र पाठवलं. कुणी बटाट्याच्या नाकाचा फोटो पाठवला. धाकटी ती सगळी पत्रं शेडच्या भिंतीला चिकटवायची, थोरलीच्या बरोबर समोर. नजर वर केली की पत्रं. थोरलीनं नजर वर करायचं सोडून दिलं, तर कानांवर पडू लागली, कारण सासू रोज संध्याकाळी म्हणायची, "धाकटे, आजचं काय आलंय ते वाच बघू."

आणि सासू हसायची.

थोरलीला हे नवीन होतं. ज्या सासूच्या हाताखाली ती काम शिकली ती हसत नव्हती. ती कडं हातात घेऊन शेजारी उभी राहायची, आणि थोरलीनं चुकीचं फळ चुकीच्या क्रेटमध्ये टाकलं की बोटांच्या पेरांवर टकटक करायची. एक शब्द नाही. कधी काम चांगलं झालं तर टकटक होत नसे, तेवढंच. त्या न झालेल्या टकटकीवर थोरली एकतीस वर्षं जगली होती. आणि ही काल आलेली उजव्या ढिगातलं वांगं उचलते, त्याला नाक आहे म्हणते, आणि म्हातारी पोट धरून हसते.

बिनडागाच्या फळाला कुणी पत्र लिहीत नाही. पोटात काहीतरी जळत राहायचं, धड भूकही नाही, धड दुखणंही नाही. पाणी प्यायलं तरी विझत नसे.

मग धाकटीनं टेबल मागितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. पेट्या वाढल्यात, जमिनीवर बसून कंबर धरते, आई, आठवड्यातले तीन दिवस टेबल द्या. तीन दिवस टेबल गेलं म्हणजे दुकानांचा अर्धा माल गेला. आणि अर्धा गेला की उरलेला किती दिवस टिकणार? थोरलीनं आपली जागा खिडकीसकट जाताना पाहिली. सासू म्हणाली, "रविवारी सगळे बसू आणि ठरवू."

त्याच आठवड्यात शुक्रवारी धाकटीच्या आईचा पाय मुरगळला. धाकटी ओढणी खोचत धावतच निघाली. "जाऊबाई, तेवढ्या पेट्या भराल? चिठ्ठ्या या इथे, माल तिथे. तुम्ही काय, डोळे मिटून भराल."

आणि थोरलीनं खरोखरच डोळे मिटून भरल्या. हात आपले चालत होते. हातांना एकच वाट माहीत: डावीकडे जायचं, गुळगुळीत उचलायचं, ठेवायचं. तेराव्या पेटीला तिच्या हातात एक सफरचंद आलं, इतकं गोल, इतकं भरलेलं, की तिनं खिडकीकडे धरलं आणि तिच्या ध्यानात आलं. हे वाकड्या पेटीत चाललंय. बारा पेट्या अशाच भरल्या गेल्यात.

तेव्हा बारा खोके ओतून पुन्हा भरायला अर्धा तास लागला असता.

तिनं समोरच्या भिंतीवरची पत्रं पाहिली. बऱ्याच दिवसांनी नजर वर केली होती. मग ते सफरचंद तिनं तेराव्या पेटीत ठेवलं. चौदाव्या पेटीपासून हात चुकत नव्हता. चौदाव्या पेटीपासून ती निवडत होती. डाव्या ढिगातलं सगळ्यात सुंदर, सगळ्यात सरळ, एकासारखं एक. आणि वर दोन पायांच्या गाजराची चिठ्ठी. एकशेचाळिसावी पेटी झाली तेव्हा डावा ढीग संपत आला होता आणि बावीस क्रेट भरायचे बाकी होते.

अकरा नीट भरले. उरलेल्या अकरांना खाली उजव्या ढिगातला माल लागला, वर सरळ फळांचा एक थर. मग तिनं खडू घेतला आणि बावीसही क्रेटवर गोल काढला, आणि गोलात ठिपका.

*

"मी सांगतो ते ऐका," थोरला म्हणाला. "पेट्यांचं कौतुक मलाही आहे. पण हे सगळं लहरीवरचं काम आहे. एक आठवडा गाजराला पाय नाही म्हणून सव्वीस घरं तुटतात. दुकानदार असा तुटतो का? तीस वर्षांत एक तुटला नाही. आणि का नाही?" तो उठला, मागे गेला आणि क्रेटच्या रचलेल्या भिंतीवर त्यानं तळवा आपटला. "या खुणेमुळे. ही खूण बघितली की दुकानदार झाकण उघडत नाहीत. सरळ आत घेतात. मी फुशारकी मारत नाही, पण बायकोचा हात आहे माझ्या."

"बावीस वेळा सांगितलंस हे दादा," दीर म्हणाला.

"तेविसाव्यांदा ऐक. टेबल आहे तिथेच राहू दे."

तळवा आपटलेला क्रेट त्या अकरातला होता. थोरलीला आवाजावरून कळलं. वाकडा माल दाटून बसत नाही. त्याचा आवाज पोकळ येतो. तिनं सासूकडे पाहिलं. म्हातारीनं मान जरा कलती केली होती, बस्स.

"मला एक सांगा," नणंद म्हणाली. तिनं चष्मा काढला आणि थोरलीकडे पाहिलं, वीस वर्षांच्या चहासकट पाहिलं. "वहिनी, एकशेचाळीस पेट्या. एकही चुकून वाकडी नाही? एखादीत तरी जुळं गाजर जाईल की नाही? मी कापड कापते, मला माहितीय, चुकून होतं ते इतकं नेमकं होत नसतं."

"ताई, पुरे," थोरला म्हणाला.

"मी विचारतेय फक्त."

"तू कुणाच्या बाजूनं विचारतेयस ते दिसतंय."

"बाजू कसली? वीस वर्षं हिच्याच बाजूला बसले मी!"

"मग आता उठून तिकडे का गेलीस?"

"कारण तिकडे कुणी हसतं तरी!" नणंद फाडकन बोलून गेली, आणि बोलल्यावर तिलाच ते जड गेलं. मोजपट्टी गळ्यातून काढून ती गुंडाळत बसली.

थोरलीनं तोंड उघडलं. सवयीनं झालं, असं म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, शुक्रवारपासून तयार होतं, घोटून गुळगुळीत झालेलं. पण तिच्या आधी धाकटी बोलली.

"ताई, जाऊबाईंना काही बोलू नका. चूक माझी आहे." तिनं ते देठ टेबलावर ठेवलं. "एकतीस वर्षं ज्यांनी चांगलं तेच उचललं, त्यांना मी जाता जाता सांगते, वाकडं भरा. हात ऐकेल का त्यांचा? मी नीट सांगायला हवं होतं. मी घाईत होते, आईच्या काळजीत होते. त्या सव्वीस घरांना मी एकेक फोन करीन. माझं चुकलं म्हणून सांगीन. आणि टेबलाचं..." ती थांबली. "टेबलाचं मी मागे घेते. दादा म्हणतात ते खरं आहे. खूण जाऊबाईंचीच मोठी. मी बसेन खाली."

आणि सासू, जी कधी कुणाला चांगलं म्हणत नसे, जिच्या एका शब्दाची थोरली आयुष्यभर वाट पाहत आली होती, तिनं हात लांब केला, चाचपत धाकटीची बोटं शोधली आणि म्हणाली, "मन मोठं आहे हो तुझं."

झालं. थोरली जिंकली होती. टेबल तिचं, खिडकी तिची, कडं तिचं. वाक्यसुद्धा तिच्यासाठी दुसऱ्यानंच बोलून टाकलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

आणि तिच्या पोटातल्या जाळानं असा भडका घेतला की डोळ्यांत पाणी आलं. पत्रं हिला. हसू हिला. नणंद हिच्या टोकाला. आता मन मोठं, तेही हिलाच! आणि मी हिच्या मोठ्या मनाच्या सावलीत बसायचं, माफ केलेली, सवयीच्या हातांची बिचारी?

ती उठली. स्टूल मागे पडलं.

"अगं, काय झालं?" थोरला म्हणाला.

तिनं त्याला बाजूला सारलं, तळवा आपटलेला क्रेट कमरेवर घेतला, टेबलापाशी आणला आणि उपडा केला.

वरची सफरचंदं आधी गडगडली, लालभडक, एकासारखी एक. मग खालची. वणांची, चपट्या गालांची, एकमेकांना चिकटलेली जुळी, कुबड आलेली. ती धड गडगडलीही नाहीत. आपापल्या कुबडावर डुलत टेबलभर पसरून बसली.

"असे अकरा आहेत," थोरली म्हणाली. "बारा पेट्या सवयीनं भरल्या. तेरावीला मला कळलं. पुढच्या मी कळून भरल्या. चांगलं चांगलं वेचून भरलं, आणि माल संपला तेव्हा क्रेटमध्ये हे घातलं. आणि वर खूण केली. ताईंचं बरोबर आहे. चुकून इतकं नेमकं होत नसतं."

दीर हसला नाही. "उद्या सकाळी मी हे घेऊन गेलो असतो," एवढंच तो म्हणाला, स्वतःशीच.

थोरल्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो दाराजवळच्या बादलीशी गेला, फडकं बुडवून पिळलं आणि क्रेटच्या भिंतीपाशी उकिडवा बसला. "कुठले अकरा?"

"खालची रांग. आणि वरचे डावीकडून चार."

तो खडू पुसू लागला. एक गोल पुसायचा, पुढच्यावर सरकायचा. त्यानं एक शब्द उच्चारला असता तर थोरलीला सोसलं असतं. फडक्याचा तो ओला आवाज मात्र तिला सोसवेना.

"का?" धाकटीनं विचारलं. ती उभी राहिली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर मोठं मन कुठेही नव्हतं. गालावर लाल डाग उठले होते. "जाऊबाई, का पण?"

"तुझ्यावर जळते मी."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर. तुझ्या चिठ्ठ्यांवर. त्या नाकवाल्या वांग्यावरसुद्धा."

"कमाल आहे तुमची!" धाकटी ओरडली. या शेडमध्ये तिचा आवाज इतका वर कधी गेला नव्हता. "चौदा महिने जमिनीवर बसतेय मी, का माहितीय? लग्न होऊन आले तेव्हा या टेबलाशी स्टूल घेऊन बसले होते. आठवतं? एक दिवस. तुम्ही माझ्या हातातली टोपली काढून घेतलीत आणि म्हणालात, तुझा डोळा नाही यातला, तू चहा बघ. सात वर्षं चहा बघितला मी. कड्याला एकदा हात लावू दिला नाहीत. मग तुम्ही टाकलेलं तेवढंच उरलं होतं मला, ते मी उचललं. तुम्ही टाकलेलं, जाऊबाई! आणि त्यावरही जळता?"

थोरलीला ते स्टूल आठवलं. लहानसं, निळं. ते तिनं स्वतः माळ्यावर टाकलं होतं.

"मन मोठं वगैरे काही नाहीये माझं," धाकटी सासूकडे वळून म्हणाली. ती आता रडत होती आणि रडण्याचा तिला रागही येत होता. "टेबल हवंय मला. आत्ता सांगते. मघाशी खोटं बोलले."

सासू खुर्चीच्या दांड्याला धरून हळूहळू उठली. टेबलाशी आली. हात पसरून तिनं एक फळ चाचपलं, मग दुसरं. एका जुळ्या सफरचंदावर तिचा अंगठा खाचेत जाऊन थांबला.

"क्रेट ठोकला तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. "पोकळ वाजला. म्हटलं बघू, थोरली काय करते." तिनं ते फळ बाजूला ठेवलं. "मी बोलायला हवं होतं, आधीपासूनच. थोरले, तुझा हात चांगला आहे हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. पण म्हटलं, हाताला ठाऊक आहे, तोंडानं कशाला सांगायचं."

एकतीस वर्षांनी आलं ते असं, चोरी कबूल केल्यावर. थोरलीला हसावं की रडावं कळेना. तिनं पदरानं नाक पुसलं.

"आता बोलत काय बसलाय?" सासू नेहमीच्या आवाजात म्हणाली. "अकरा क्रेट उपसा. आणि त्या घरांना चिठ्ठी गेली पाहिजे. ती थोरली लिहील."

"चिठ्ठी मी लिहिते," धाकटी पटकन म्हणाली, डोळे पुसता पुसता. "चिठ्ठी माझी असते."

तिच्या त्या 'माझी'त जो टोक काढलेला सूर होता तो थोरलीनं बरोबर ओळखला. रोज आतून ऐकत होती ती. का कोण जाणे, तिला बरं वाटलं.

"या वेळी थोरलीची," सासू म्हणाली.

*

उन्हं कलेपर्यंत क्रेट उपसणं चाललं. निळं स्टूल दीरानं माळ्यावरून काढून आणलं आणि कुणाला न विचारता खिडकीखाली ठेवलं. थोरलीनं खिळ्याचं कडं काढलं, क्षणभर हातात तोललं आणि धाकटीपुढे धरलं. "सोमवार, मंगळवार, बुधवार टेबल तुझं," ती म्हणाली. "पण हे शिकलीस तर. पेट्यांनाही डोळा लागतोच. नुसत्या कवितेवर माल जात नाही."

"कवितेवरच गेला चौदा महिने," धाकटी म्हणाली, पण तिनं कडं घेतलं.

पाचवं सफरचंद तिनं चुकीच्या क्रेटमध्ये टाकलं. थोरलीनं दुसरं काही न सुचून हातातल्या खडूनं तिच्या पेरांवर टकटक केली. धाकटीनं हात झटकला, डोळे वटारले, आणि फळ उचलून बरोबर जागी ठेवलं.

थोरला अजूनही बोलत नव्हता. पण नीट भरलेला पहिला क्रेट त्यानं उचलून तिच्यासमोर आणून ठेवला आणि उभा राहिला. तिला कळायला वेळ लागला. मग तिनं खडूनं गोल काढला. ठिपका या वेळी मधोमध पडला नाही.

चिठ्ठीला वेळ लागला. धाकटीनं कागद दिला, पेन दिलं, आणि आपल्याला काही पडलेलं नाही असं दाखवत मान लांब करून बघत राहिली. थोरलीनं दोनदा लिहून खोडलं. सरळ माफी लिहिली तर ती दुकानदाराला लिहिल्यासारखी दिसू लागली. शेवटी तिनं समोरचं एक सफरचंद उचललं, शुक्रवारच्या त्या सफरचंदासारखंच गोल, आणि त्याच्या तोंडून लिहिलं. मग सासूच्या खुर्चीशी जाऊन वाचलं, शाळेत उभं केल्यासारखं:

*सरळ माझा देठ, गोल माझं पोट,*
*चुकून आलं दारी, कुणावर ठेवू बोट?*
*हात म्हणे सवय, हात मोठा शहाणा;*
*आग होती मनात, हाताचा बहाणा.*

नणंदेनं वर पाहिलं. धाकटीच्या हातातलं कडं मध्येच थांबलं. मग सासूच्या खांद्यांपासून काहीतरी हलायला लागलं, आणि म्हातारी हसली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

थोरली कागद हातात धरून उभी होती आणि कान देऊन ऐकत होती. नाकवाल्या वांग्याला हसली होती तेवढंच आहे का हे? की थोडं जास्त? हसू ओसरत आलं तेव्हाही तिचं नक्की ठरेना.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल. परत वाचते."